उरलेल्या चाळीस मिनिटांचं काय?

प्रति,
आयुक्त ॲडम सिल्व्हर आणि स्पर्धा समितीचे सर्व सदस्य,
एनबीए, न्यूयॉर्क

सप्रेम नमस्कार.

सांगलीहून लिहितोय. इथल्या एका शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर मी गेली बावीस वर्षं मुलांना बास्केटबॉल शिकवतो. तुमच्या लीगचे अमेरिकेतले सामने आमच्याकडे पहाटे सुरू होतात. माझी मुलं ते अंथरुणात पडल्या पडल्या मोबाईलवर बघतात आणि साडेसहाला कोर्टवर येऊन तेच करायला जातात. तुम्ही तिथं काय चालवून घेता, याच्याशी माझा संबंध येतो तो असा.

फ्री थ्रो, म्हणजे फाऊलच्या भरपाईत कुणी न अडवता मारायचा एकेका गुणाचा थ्रो, ज्याचा कच्चा आहे अशा खेळाडूला, त्याच्या हातात बॉल नसताना, मुद्दाम जाऊन धरायचं आणि त्या थ्रोच्या लाइनवर उभं करायचं, या डावपेचाबद्दल हे पत्र आहे. शॅकिल ओनील या धिप्पाड पण फ्री थ्रोत कच्च्या खेळाडूच्या नावावरून तुमच्याकडे त्याला ‘हॅक-अ-शॅक’ म्हणतात. जुलै २०१६ मध्ये तुम्ही त्याला थोडा आळा घातलात. त्याआधी चौथ्या क्वार्टरच्या आणि जादा वेळेच्या शेवटच्या दोन मिनिटांत एक वेगळा नियम लागू व्हायचा: बॉलपासून लांब मुद्दाम फाऊल केला, तर समोरच्या संघाला एक फ्री थ्रो, तो कोर्टवरचा त्यांचा कुठलाही खेळाडू मारू शकतो, आणि वर बॉलही त्यांच्याकडेच. हा नियम तुम्ही प्रत्येक क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांना लावलात. चार क्वार्टर, दोन-दोन मिनिटं, म्हणजे आठ मिनिटं. सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा. मी उरलेल्या चाळीस मिनिटांबद्दल विचारतोय.

आधी आमच्याकडे काय घडलं ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, एका आंतरशालेय स्पर्धेचा उपांत्य सामना होता. सतरा वर्षांखालची मुलं. माझ्या संघात नववीतला एक मुलगा होता, सहा फूट तीन इंच. आमच्या भागात एवढ्या उंचीच्या पोराकडे लोक रस्त्यात वळून बघतात. रिबाउंडला, म्हणजे चुकून परत आलेला बॉल पकडायला, त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं आणि रिंगखाली बॉल मिळाला की बास्केट ठरलेली. फ्री थ्रो मात्र दहातले तीन-चारच जायचे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही अकरा गुणांनी पुढे होतो. समोरच्या प्रशिक्षकांनी टाइम आउट घेतला, बाकावरच्या एका किरकोळ अंगाच्या मुलाला उठवलं, त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि आत पाठवलं.

त्या मुलानं आत येऊन एकच काम केलं. आमचा गार्ड बॉल घेऊन मधली रेषा ओलांडायच्या आत तो माझ्या उंच मुलाच्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घालायचा. शिट्टी. पुन्हा बॉल आत, पुन्हा विळखा, पुन्हा शिट्टी. संघाचे चार फाऊल भरेपर्यंत नुसता थ्रो-इन, पाचव्यापासून दोन-दोन फ्री थ्रो. त्याचे स्वतःचे पाच झाले आणि तो बाहेर गेला, तशी त्याच्या जागी दुसऱ्याला उठवला.

मी साइडलाइनला उभा होतो म्हणून मला एक गोष्ट ऐकू आली. तो किरकोळ मुलगा दर वेळी विळखा घालताना हळूच म्हणत होता, “सॉरी रे.” दर वेळी. पाचव्या फाऊलनंतर तो बाकावर जाऊन बसला आणि टॉवेल तोंडावर घेतला.

माझ्या मुलाला मी सवय लावली होती की लाइनवर बॉल तीनदा आपटायचा, श्वास सोडायचा आणि मारायचा. पहिल्या दोन वेळी तीनदा आपटला. मग पाचदा, मग सहादा. तळवे शॉर्टला पुसायला लागला. गॅलरीतून मोजणी सुरू झाली. एक थ्रो रिंगला न लागताच खाली आला, तेव्हा लोक हसले. चौदातले तीन आत गेले आणि मी त्याला बाहेर घेतलं. समोरच्यांना जे हवं होतं, ते मी माझ्या हातानं करून दिलं. सामना आम्ही चार गुणांनी हरलो.

नंतर मी रेफ्रींना भेटलो. भारतात आपण फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी खेळतो. बॉल मिळवण्याचा खरा प्रयत्न नसेल, तर अशी पकड फिबाच्या पुस्तकात अनस्पोर्ट्समनलाइक फाऊल ठरते. दोन फ्री थ्रो, शिवाय बॉल त्याच संघाकडे, आणि एकाच खेळाडूचे असे दोन झाले की तो सामन्यातून बाद. म्हणजे औषध रेफ्रींच्या खिशातच होतं. माणूस चांगला, अनेक वर्षांची ओळख. ते मला म्हणाले, “सर, एनबीएमध्ये चालतं की.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच चालतं.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. मी जुने सामने काढून बघितले. सगळ्यात जास्त वेळ अडकलो तो २९ डिसेंबर १९९७ च्या सामन्यावर. डॅलस मॅव्हरिक्स विरुद्ध शिकागो बुल्स. डॅलसचे प्रशिक्षक डॉन नेल्सन यांनी हिशेब मांडला होता की डेनिस रॉडमनचे फ्री थ्रो चाळीस टक्केही पडत नाहीत, तेव्हा बुल्सना खेळू देण्यापेक्षा रॉडमनला लाइनवर पाठवलेलं परवडलं. हे काम त्यांनी बबा वेल्स या नवख्या खेळाडूला दिलं. वेल्सनं तीन मिनिटांच्या आत सहा फाऊल केले आणि तो बाद झाला. इतक्या कमी वेळात बाद होण्याचा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. रॉडमननं त्या दिवशी बारातले नऊ फ्री थ्रो घातले आणि बुल्स जिंकले.

लोक ही हकीकत रॉडमनच्या नऊ थ्रोंसाठी सांगतात. मी वेल्सकडे बघतो. तो एनबीएत एकूण ३९ सामने खेळला, तेवढ्या एकाच हंगामात. कॉलेजात ढिगानं गुण केलेला खेळाडू, आणि तुमच्या विक्रमांच्या पुस्तकात त्याचं नाव आहे ते दुसऱ्याच्या सांगण्यावरून सहा वेळा एका माणसाला धरल्याबद्दल. टॉवेल तोंडावर घेतलेला तो मुलगा मला तिथं दिसला. हा डाव एकाच वेळी दोन खेळाडूंना वापरतो: एक ज्याला धरायचं तो, आणि दुसरा ज्याला धरायला पाठवायचं तो. दुसऱ्याचा विचार कुठल्याच चर्चेत मला आढळला नाही.

आता मुळाशी जाऊ. फ्री थ्रो कशासाठी असतो? एका संघानं नियम मोडला, दुसऱ्याचं नुकसान झालं, त्याची भरपाई म्हणून. पंधरा फुटांवरून, समोर कुणी नाही, दहा सेकंद हातात. भरपाई कुणाच्या हातून घ्यायची हे नियम मोडणाराच ठरवायला लागला, आणि ती जिथं सगळ्यात कमी भरेल असा माणूस शोधून त्यालाच धरायला लागला, तर तिला शिक्षा कसं म्हणायचं? चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आमच्याकडे म्हणतात. इथं तर संन्यासी कोण, हे चोरच नेमून देतोय.

विल्ट चेंबरलेन या फ्री थ्रोत कच्च्या महाकाय खेळाडूच्या काळात तुमच्या पूर्वसुरींना हे कळलं होतं. सामन्याच्या शेवटी समोरचे खेळाडू विल्टला धरायला त्याच्या मागे धावायचे आणि तो कोर्टभर त्यांना चुकवत पळायचा. बॉल एकीकडे आणि ही पकडापकडी दुसरीकडे. ते बघवेना म्हणून शेवटच्या दोन मिनिटांचा नियम आला. चौथ्या क्वार्टरच्या अखेरीला जे लाजिरवाणं वाटलं, ते तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला लाजिरवाणं का नाही?

तिसऱ्या क्वार्टरची सुरुवात मी उगाच काढली नाही. २० जानेवारी २०१६, ह्यूस्टन रॉकेट्स विरुद्ध डेट्रॉइट पिस्टन्स. दुसरा हाफ सुरू झाला आणि रॉकेट्सच्या के. जे. मॅकडॅनियल्सनं पहिल्या नऊ सेकंदांत पाच फाऊल केले. संघाच्या फाऊलचा कोटा एकदाचा भरावा आणि आंद्रे ड्रमंडला लाइनवर उभं करता यावं, एवढ्यासाठी. त्या रात्री ड्रमंडनं ३६ फ्री थ्रो मारले, २३ चुकवले. एका सामन्यात इतके कुणीच चुकवले नव्हते. सामना डेट्रॉइटनं जिंकला. त्यानंतर सहा महिन्यांत तुम्ही नियम बदललात. पण नीट बघा: ते पाच फाऊल शेवटच्या दोन मिनिटांतले नव्हते. ज्या प्रकारानं सगळ्यांना नको नको झालं, तोच प्रकार आज कुणी जसाच्या तसा केला, तर तुमचा नवा नियम त्याला हात लावू शकत नाही.

आणि तसंच झालं. नियम बदलल्यावर वर्षभरानं, नोव्हेंबर २०१७ मध्ये, वॉशिंग्टननं फिलाडेल्फियाच्या बेन सिमन्सला एका चौथ्या क्वार्टरमध्ये २४ फ्री थ्रो मारायला लावले. बहुतेक सगळे शेवटची दोन मिनिटं लागायच्या आत. २०२५ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांमध्ये, बोस्टननं निक्सच्या मिचेल रॉबिन्सनला असंच धरलं. तो कोर्टवर असला की निक्सना रिबाउंड मिळत होते, आणि धरपकड सुरू झाली की प्रशिक्षकांना त्याला बाकावर घ्यावं लागत होतं. माझ्यासारखंच.

याला विरोध करणारे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, कारण आमच्या प्रशिक्षकांच्या बैठकीतही तेच ऐकायला मिळतं. २०१५ मध्ये तुमच्या जनरल मॅनेजरांचं बहुमतही त्याच बाजूला होतं. पहिला मुद्दा: कोट्यवधी डॉलर घेता, मग फ्री थ्रो शिका.

शिकायलाच हवं. त्यात मी कणभरही सूट मागत नाही. माझा मुलगा त्या सामन्यानंतर रोज शाळा सुटल्यावर थांबून शंभर फ्री थ्रो मारतो आणि किती गेले ते वहीत लिहितो. कार्ल मलोन पहिल्या हंगामात ४८ टक्क्यांवर होता, चौथ्या हंगामापर्यंत ७६ च्या पुढे गेला. यानिस ॲन्टेटोकुंपोचं तर सगळ्या जगानं बघितलं. २०२१ च्या प्लेऑफमध्ये तो लाइनवर गेला की प्रेक्षक मोठ्यानं दहा आकडे मोजायचे, आणि त्याच यानिसनं अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात १९ पैकी १७ घातले, पन्नास गुण केले, मिलवॉकीला विजेतेपद मिळवून दिलं. पण ते एकोणीस थ्रो त्याला मिळाले कसे? बॉल घेऊन रिंगवर चालून गेला म्हणून. समोरच्यानं त्याला अडवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, फाऊल झाला. त्या थ्रोंमध्ये जे नाट्य होतं ते खेळातून आलेलं होतं. कच्चा खेळाडू स्वतः बॉल घेऊन आत घुसला, तर खुशाल फाऊल करा. त्याचा कच्चेपणा तिथं उघडा पडू दे. माझी हरकत बॉल चाळीस फुटांवर असताना पाठीमागून येणाऱ्या विळख्याला आहे.

आणि सगळ्यांनाच शिकता येतं असंही नाही. विल्टनं १९६१-६२ च्या हंगामात खालून, दोन्ही हातांनी फ्री थ्रो मारले आणि शंभर गुणांच्या सामन्यात ३२ पैकी २८ घातले. त्याच पद्धतीनं रिक बॅरी नव्वद टक्क्यांच्या आसपास राहिला. तरी विल्टनं ती सोडली, कारण तसं मारताना आपण बायकी दिसतो असं त्याला वाटायचं. हे त्यानं स्वतःच पुढे लिहिलं. हजारो लोकांसमोर एकट्यानं उभं राहायचं असतं तेव्हा मनात काय काय चालतं, हे आपण बाहेरून ठरवू शकत नाही. २०२१ च्या प्लेऑफमध्ये बेन सिमन्सचे फक्त ३४ टक्के फ्री थ्रो पडले. अटलांटाविरुद्धच्या सातव्या सामन्यात समोर मोकळी रिंग असताना त्यानं बॉल दुसऱ्याला देऊन टाकला. फिलाडेल्फियाकडून तो त्यानंतर एकही सामना खेळला नाही. त्याच्या बाबतीत कारणं अनेक असतील, सगळं या डावावर मी ढकलत नाही. पण डंक करणारा उंच माणूस फाऊलच्या धास्तीनं बॉल सोडून देतो, हे मी माझ्या कोर्टवर चौदा वर्षांच्या पोरांमध्ये बघितलंय. आधी लाइनवर हात आखडतो, मग रिंगखाली, मग तो बॉल मागायचंच बंद करतो.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे: हा डाव फारसा चालतच नाही, मग काळजी कशाला? खरं आहे. रॉडमनच्या दिवशी बुल्स जिंकले. २००० मध्ये पोर्टलंडनं शॅकला चौथ्या क्वार्टरमध्ये २५ फ्री थ्रो मारायला लावले, शॅकचे लेकर्स जिंकले. जानेवारी २०१२ मध्ये गोल्डन स्टेटविरुद्ध ड्वाइट हॉवर्डनं ३९ मारले, २१ घातले, ऑर्लँडो जिंकलं. ड्रमंडच्या रात्री डेट्रॉइट, सिमन्सच्या रात्री फिलाडेल्फिया.

पण इथं एक आकडा तुम्ही समोर ठेवा. २००० च्या सुमाराला लीगमध्ये दर शंभर पझेशनला (बॉल ताब्यात असतानाची एक चढाई म्हणजे एक पझेशन) सरासरी १०४ गुण व्हायचे. शॅकची कारकिर्दीची टक्केवारी ५२.७. दोन थ्रोंचे सरासरी १.०५ गुण, म्हणजे शंभर पझेशनला १०५. त्याला धरून सरासरी संघाविरुद्धही काही वाचत नव्हतं. आता तुमच्याकडे शंभर पझेशनला ११४-११५ गुण होतात. तोच शॅक आज असता, तर त्याला धरणं सरळ सरळ फायद्याचं ठरलं असतं. चुकलेल्या थ्रोचा रिबाउंड कधी त्याच्याच संघाला मिळतो, हे धरलं तरी कल बदलत नाही. पूर्वी ५२ टक्क्यांखालचा खेळाडू धरण्याजोगा होता, आज ५७ टक्क्यांखालचा आहे. थ्री पॉइंटर वाढले, संघ चांगले खेळायला लागले, आणि त्यामुळेच चांगला खेळ थांबवण्याचा मोह वाढला. बाकावर गणिती विश्लेषक बसवण्याच्या या काळात हा हिशेब कुणाच्या नजरेतून सुटेल असं मला वाटत नाही.

तिसरा मुद्दा, की हा डावपेच आहे आणि डोकं लढवायला बंदी कशी घालणार, तो तुम्ही स्वतःच निकालात काढलाय. फास्ट ब्रेक, म्हणजे बॉल मिळताच केलेली धावती चढाई, निघाला की मागून येऊन मुद्दाम धरायचं आणि सोपी बास्केट वाचवायची, हेही डोकंच होतं. वर्षानुवर्षं चाललं. तुम्ही जी लीगमध्ये, म्हणजे तुमच्याच दुय्यम लीगमध्ये, नियम करून बघितलात आणि २०२२-२३ पासून एनबीएत आणलात: एक फ्री थ्रो, आणि बॉल त्याच संघाकडे. तो फाऊल दुसऱ्या दिवसापासून जवळपास दिसेनासा झाला. आमच्या मुलांनीसुद्धा तो सोडला, कुणी न सांगता. धावत्या खेळाला फाऊलनं अडवू नये हे तुम्ही मान्य केलंत. मग उभ्या खेळाला अडवायची परवानगी कशासाठी?

नवीन काही शोधायचं नाही. शेवटच्या दोन मिनिटांचा नियम पहिल्या जम्प बॉलपासून लावा, एवढंच. बॉलपासून लांब, खेळाशी संबंध नसलेला मुद्दाम फाऊल: एक फ्री थ्रो, मारणारा ज्या संघाचं नुकसान झालं त्यांनी निवडलेला, आणि बॉल त्यांचाच. स्क्रीनच्या झटापटीत, रिबाउंडच्या ढकलाढकलीत जे फाऊल होतात ते आज आहेत तसेच राहू देत. फरक ओळखणं रेफ्रींना अवघड जाणार नाही, ते आजही आठ मिनिटं ओळखतातच. थेट आणायचा नसेल, तर एक हंगाम जी लीगमध्ये चालवून बघा.

ऑक्टोबर २०१९ मध्ये तुम्ही मुंबईत, वरळीच्या डोममध्ये, सॅक्रामेंटो आणि इंडियानाला खेळवलंत. माझ्या तीन मुलांना घेऊन मी रात्रीच्या गाडीनं गेलो होतो. पहिला सामना जादा वेळेत गेला आणि एका गुणानं सुटला. परतीच्या प्रवासात पोरं पुण्यापर्यंत झोपली नाहीत, सीटवर बसून पास कसा गेला ते हातवारे करून एकमेकांना दाखवत होती. मुलांनी तुमच्याकडून ते शिकावं म्हणून मी त्यांना घेऊन गेलो होतो.

पुढच्या डिसेंबरात ती स्पर्धा पुन्हा आहे. माझा उंच मुलगा आता अकरावीत आहे, वहीतला आकडा शंभरात अठ्ठावन्नपर्यंत आलाय. रेफ्री बहुधा तेच असतील. त्यांच्याशी मी पुन्हा बोलणार आहे, फिबाचं पान उघडून. या वेळी त्यांनी “एनबीएमध्ये चालतं की” म्हटलं, तर “आता नाही चालत” असं मला म्हणता यावं. एवढं तुमच्या समितीच्या हातात आहे.

आपला,
एक शालेय प्रशिक्षक
सांगली